दाराबाहेरचा नवरा आणि पिक्चरचा दुसरा भाग

इकडे ये, अशी जवळ बस. तिकडून बोललेलं मला नीट ऐकू येत नाही. तीन महिन्यांनी आजीची आठवण झाली तुला, आणि आल्या आल्या सांगतेस काय, तर त्या पिक्चरचा तिसरा भाग बघून आले. बरं, शेवट काय झाला विचारलं, तर म्हणे शेवट चौथ्या भागात आहे. अगं, तीन तास बसवून घेतलं आणि शेवट न सांगता घरी पाठवलं, तरी तुम्ही खूश. लाज कशी वाटत नाही गं त्यांना, आणि राग कसा येत नाही तुम्हाला? मला या भागांची किळस आहे. आजची नाही, आम्ही भांडुपला चाळीत राहत होतो तेव्हापासूनची. ती का, ते ऐक, आणि तो मोबाइल जरा पालथा ठेव.

आमच्या चाळीत पिक्चर सांगायची पद्धत होती. सगळ्यांना थिएटरात जायला कुठलं जमायला? एकीने बघून यायचं आणि दुपारी गॅलरीत बसून बाकीच्यांना सांगायचं. जिचे हात मोकळे नसतील तिने काम घेऊन यायचं. कुणी तांदूळ निवडतेय, कुणी जवळा साफ करतेय. सांगणारीने मात्र कामाला हात लावायचा नाही. तिचं सूप बाकीच्या पाखडून द्यायच्या. तुझे आजोबा घाटकोपरला एका छापखान्यात होते, तिथे थिएटरची हँडबिलं छापली जायची, त्यामुळे दोन पास मिळायचे. म्हणून सांगायचं काम बहुतेक माझ्याकडे. चौथीपर्यंत शिकलेली मी, पण पिक्चर सांगावा तर मीच, असं बायका म्हणायच्या.

त्याचं कारण सांगू? मी कापून सांगायची. त्या काळच्या पिक्चरात गोष्ट असायची पाऊण तासाची आणि पिक्चर तीन तासांचा. बाप खाटेवर तडफडतोय, मुलगा औषध आणायला निघाला, की वाटेत बाग, बागेत पोरगी, आणि गाणं सुरू. चार वेळा साडी बदलली तिने. बाप तिकडे ताटकळतोय, कारण दिग्दर्शकाने सांगितल्याशिवाय मरायची सोय नाही. मग मारामारी. दहा गुंड, पण एकेक करून येणार, बाकीचे आपला नंबर लागेपर्यंत उभे. आमच्या नळावर इतकी शिस्त मी कधी बघितली नाही. मग तो विनोदी नोकर, त्याच्या डोक्यावर हमखास काहीतरी सांडणार. मला शिसारी यायची. इंटरव्हलपर्यंत माणसं जन्मतात, मरतात, वेडी होतात, परदेशी जाऊन येतात, आणि इंटरव्हलनंतर एक बाई जिना उतरायला लागते ती उतरतेच आहे. मी हे सगळं काढून टाकायची आणि चहाच्या आधी पिक्चर हातावेगळा करायची.

तर आमच्या डाव्या भिंतीला लागून एक शेजारीण राहायची. मालवणकडची. नवरा गिरणीत होता. संप लांबला तसा ‘सुरतेला कापडाच्या मागावर काम मिळतंय, बघून येतो’ म्हणून गेला, तो परत आला नाही. वर्षाने कळलं की तिथे दुसरा संसार मांडलाय. हिच्या पदरात एक लहान मुलगी. रडली असेल, पण आम्हाला दिसली नाही. मुलुंडला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागली. तिची सुट्टी गुरुवारी, म्हणून पिक्चर सांगायचा वार गुरुवार.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट असेल. एक पिक्चर भयंकर चालला होता. बायका रुमाल घेऊन जायच्या. रडका म्हणून पुरुष तिकडे फिरकायचे नाहीत. मी बघून आले. गोष्ट अशी की नवरा बायकोला टाकून एका नाचणारीच्या मागे जातो. बायको बारा वर्षं शिवणाचं मशीन चालवून पोर वाढवते. इथपर्यंत ठीक. मग पैसा संपला, तब्येत गेली, तशी स्वारी दाढी वाढवून खोकत दारात हजर. आणि ही काय करते? धावत जाते, त्याचे पाय धुते, आणि ते पाणी डोळ्यांना लावते. वर बासरी. थिएटरात सगळ्या हुंदके देतायत, आणि मी खुर्चीत हिशेब करत बसले. बारा वर्षं त्या मशीनवर पाय हिचे दुखले, आणि धुतले कुणाचे?

गुरुवारी गॅलरीत सांगायला बसले. शेजारीण समोरच, ताटात जवळा घेऊन. नवरा परत येतो इथपर्यंत आले आणि बघितलं, तर तिचे हात थांबलेले. सगळ्याच थांबल्या होत्या, पण तिचे हात मला दिसले. आणि ते पाय धुणं माझ्या तोंडातून निघेना. मी म्हटलं, “ती दारात आली. त्याला तांब्याभर पाणी दिलं. त्याचं पिऊन झाल्यावर तांब्या परत घेतला आणि दार लावून घेतलं. संपला पिक्चर.”

शेवटच्या खोलीतली म्हातारी म्हणाली, “असो कसो शेवट? सरकारान पास कसो केल्यान?”

“केला बाबा,” मी म्हटलं.

शेजारणीने एवढंच विचारलं, “दार लावल्यावर आत जाऊन ती रडली काय गो?”

“नाही,” मी म्हटलं. “भात लावला.”

मला काय ठाऊक पुढे काय होणार ते? गाणी कापायची तसा मी शेवट कापला, इतकंच.

पुढच्या वर्षी तो आला. पिक्चरातला नाही, खराच, तिचा नवरा. वाकोल्याहून धाकटा दीर त्याला घेऊन आला. मी दारातच होते. तिने नवऱ्याकडे बघितलं, आत गेली, तांब्या भरून आणला. तो घटाघटा प्यायला. तिने तांब्या परत घेतला आणि दार लावलं. दीर बाहेरून बडबडत राहिला, आणि आतून तांदूळ धुतल्याचा आवाज आला. जिना उतरून ते दोघे गेले, तरी मी चौकट धरून उभीच.

दुसऱ्या दिवशी नळावर बायकांनी घेरलं तिला. अगं, एवढं तोडून टाकायचं? पोरीच्या लग्नात काय सांगशील? तर ती शांतपणे म्हणाली, “पिक्चरात पण असाच दाखवलानी. सगळी मुंबई बघून इली. मी काय जगायेगळा केलंय?” आणि माझ्याकडे बघून मान हलवली, साक्षीदाराकडे बघतात तशी. चाळीत तो पिक्चर माझ्याशिवाय कुणी बघितला नव्हता, त्यामुळे खोडून काढणारं कुणी नव्हतं. मी कळशी उचलली आणि घरी आले. सांगायला हवं होतं तेव्हाच. पण काय सांगणार? की बाई, तू ज्या दारावर भिस्त ठेवलीस, ते दार मीच बसवलं?

महिने गेले. पिक्चर थिएटरातून उतरला, मला वाटलं सुटले. आणि एक दिवस तुझे आजोबा छापखान्यातून हँडबिल घेऊन आले. त्याच पिक्चरचा दुसरा भाग. त्या दिवसांत असे भाग काढायची फारशी टूम नव्हती, पण पहिला इतका चालला की त्यांना राहवेना. हँडबिलावर तेच दोघं, गळ्यात गळा घालून. मी ते घडी करून डाळीच्या डब्याखाली सारलं. काय उपयोग? आठवड्यात भांडुप स्टेशनबाहेरच्या भिंतीवर पोस्टर लागलं.

मी चाळीत सांगत सुटले, टुकार आहे, अजिबात बघू नका.

“तू बघितलास?” म्हातारीने विचारलं.

“न बघता कळतं.”

“मगे पास कित्याक आणतंस?”

शेजारीण म्हणाली, “मी येतंय. दार लावल्यार तिचा फुडे काय झाला, ता माका बघूचा हा.” लग्नानंतर थिएटरची पायरी न चढलेली बाई. ट्रंकेतली चांगली साडी काढून नेसली त्या गुरुवारी. आम्ही सहा जणी निघालो, दोघी पासवर, चौघी तिकीट काढून, घाटकोपरला, तीनच्या खेळाला. ती माझ्या शेजारच्या खुर्चीत.

दिवे गेले, आणि त्या नालायकांनी आधी मागच्या भागाचा शेवट पुन्हा दाखवला. दाढी, खोकला, तांब्याभर पाणी. ते पाणी पायांवर. बासरी.

पलीकडून म्हातारीचा आवाज आला, “गो, दार खंय?”

मागच्या रांगेतून कुणीतरी ‘शुक’ केलं. शेजारणीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. समोर बघत राहिली, तीन तास. इंटरव्हलला मी वडा पुढे केला, तो तिने घेतला नाही.

आणि काय तो पिक्चर. सांगताना अजून तोंड कडू होतं. पहिल्या भागात निदान एक बाई मशीन चालवून जगत होती. दुसऱ्यात तिला काही कामच नाही ठेवलं, नुसती रडते. नवऱ्याच्या डोक्याला मार बसला, तो बायकोला विसरला. तिला टाकायला आता त्याचा दोषसुद्धा नाही, बघ कसं जमवलं. मग त्या नाचणारीची जुळी बहीण निघाली, कारण नाचणारी पहिल्या भागात मेलेली. म्हणजे तीच नटी, तोच नाच, फक्त केसांचा रंग वेगळा. पहिल्या भागातलं रडकं गाणं पाच वेळा वाजवलं, मी मोजलं. गोष्ट पुढे सरकायला तयार नाही. जी गोष्ट संपली होती ती उकरून काढून पुन्हा पुन्हा गरम केलेली, आंबलेली, आणि लोक पैसे देऊन ती खातायत. शेवटी पुन्हा पाय. या वेळी दुधाने धुतले.

तीन दिवस शेजारणीने माझ्याकडे ढुंकून बघितलं नाही. मी दारात गेले की आत जायची. वाटायचं, आता ही त्याला घरात घेईल, आणि घेतलं तर माझ्या खोटेपणामुळे, न घेतलं तर माझ्याच खोट्या दाराच्या जिवावर, दोन्हीकडून दोषी मीच.

रविवारी तो धाकटा दीर पुन्हा आला. तिचं नळावरचं बोलणं त्याच्या कानावर गेलं होतं, म्हणून या वेळी आवाज चढवून, चाळ ऐकेल असा. “वैनी, पिक्चर पिक्चर करी होतंस ना? माझी बायल बघून इली. त्या बायन घोवाक घरात घेतल्यान. आता काय बोलतंस?” नवरा खाली जिन्याशी उभा होता, मान खाली घालून.

मग मला राहवलं नाही. बाहेर आले आणि म्हटलं, “चूक माझी आहे. पिक्चरात दार नव्हतं. ते मी लावलं, माझ्या मनाने.” सगळी चाळ गॅलरीत. पुरुषांना काही कळेना, पण तिला कळलं.

“तू गप,” ती मला म्हणाली. “तुझ्याशी मी मगे बोलतंय.” आणि दिराकडे वळली. “तुझ्या बायलेन सगळो बघितल्यान ना? मगे तिका इचार, घरात घेतल्यार त्या बाईचा काय झाला. तीन तास रडता ती. मी बघून इलंय माझ्या डोळ्यांनी. माका दुसरो भाग नको.”

तिने दार लावलं, आणि या वेळी तांब्यासुद्धा आणला नव्हता. तो नवरा नंतर चाळीत कधी दिसला नाही.

संध्याकाळी तिने मला हाक मारली. मला वाटलं, हसेल आता, मिटलं सगळं. ती हसली नाही. म्हणाली, “तू खोटा बोललंस त्याचा राग हा माका. त्याका घरात घेवचा नाय, ता माझा मीच ठरवलेलं. पण माका वाटायचा, माझ्यासारखी आणखी एक हा. पडद्यार कित्याक असाना, पण हा. लोकांनी बघितली, रडली तिच्यासाठी. गुरुवारी कळला, कोणच नाय.”

पिक्चरात बदल केला तो तिच्या भल्यासाठी, असं आतापर्यंत मी मनाशी म्हणत होते. तिला एक मैत्रीण दिली होती मी, आणि ती खोटी निघाली. मी तिच्या चुलीपाशी बसले. तिने माझ्यापुढे पेज ठेवली आणि म्हणाली, “फुडच्या टायमाक दोनय सांग. तेंचो शेवट आणि तुझो.”

तेव्हापासून मी तसंच सांगायची. आधी त्यांचा, मग माझा, आणि भांडण व्हायचं कुठला बरा यावर. त्यांचा फार कमी वेळा जिंकला.

म्हणून म्हणते, मला भागांचं कौतुक सांगू नकोस. गोष्ट जिथे संपायला हवी तिथे संपवायची अक्कल नाही, आणि संपवली तरी बाईला शेवटी पायाशीच नेऊन बसवतात. दुसरा काढा, तिसरा काढा, पाय तेच.

ती शेजारीण आता मुलुंडला मुलीकडे असते. गुडघे गेलेत, जिना उतरवत नाही, पण आवाज तसाच खणखणीत. परवा फोनवर म्हणाली, तुझी नात पिक्चर बघते ना, मग तिला माझ्यापुढे बसवून सांगायला लाव, बघू जमतं का. तेव्हा आता पुन्हा तीन महिने लावू नकोस. येत्या आठवड्यात सकाळीच ये, इथे जेव, मग आपण दोघी तिच्याकडे जाऊ. सुकटीची चटणी करून ठेवते, तिच्याकडे न्यायला आणि तुला. ये गं लवकर.