शेंदराचं कवच

दांडी गावच्या हिराचा नवरा महादू मासेमारीला होडी घेऊन गेला तो परतला नाही. प्रेतही किनाऱ्याला लागलं नाही. मग रिवाजाप्रमाणे ती दर अवसेला वेशीवरच्या दगडाला तेल-शेंदूर लावू लागली. शेंदूर चालू आहे तोवर माणूस दर्यावर आहे असं धरायचं. बाईनं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या उतरवायच्या नाहीत. बरीच वर्षं झाली तरी हिरा थांबेना, तेव्हा बायका पाठीमागे बोलू लागल्या. त्यांचं काय, बोंबील वाळवताना तोंड रिकामं राहत नाही.

१९६४ साली मुंबईच्या एका वस्तुसंग्रहालयाचे साहेब आले. शेंदराखाली गलबतांची लढाई कोरलेली असणार, हा वीरगळ आहे, लढाईत पडलेल्या वीराचं स्मारक, आम्ही नेतो, म्हणाले. झालं. काल ज्या दगडाकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, त्याला एकदम वारस फुटले.

"तो आमचा पूर्वज. किल्ल्यासाठी लढला," बागायतदार बळवंतअण्णा म्हणाले.

"बागेतली मानसं गलबतावर कवा चढली?" हिराचा दीर नामदेव म्हणाला. "तो आमचा तांडेल हाय, गलबत हाकनारा."

संग्रहालयातल्या पाटीवर काय लिहायचं, यावरून चावडीवर हमरीतुमरी झाली. साहेबांनी तोडगा काढला: दोन्ही हकिगती लिहू, आणि खरं कोण ते कळत नाही, हेही लिहू. त्यावर दोन्ही बाजू सारख्याच रुसल्या.

हिराला पूर्वज नको होता नि पाटीही नको होती. दगड गेला तर शेंदूर कशाला लावायचा, आणि महादूला दर्यावर कसा राखायचा, एवढाच तिच्या जिवाला घोर होता.

साहेबांच्या माणसांनी जागेवरच शेंदूर खरवडला. ढलप्या घमेल्यात पडल्या. खालून गलबतं निघाली, वल्हेकरी निघाले. तळाशी एक माणूस पाण्यात पडलेला होता, आणि वरच्यांपैकी कुणाचंही त्याच्याकडे लक्ष नव्हतं. हिरा त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"दगड न्या, सायब," ती म्हणाली. "पन शेंदूर मला द्या."

"बाई, तो कचरा आहे."

"कवच हाय ते. देवानं कवच टाकलं की दर्यात सोडतात."

नामदेवनं तिला होडीतून खाडीबाहेर नेलं. हिरानं घमेलं पाण्यात रिकामं केलं. मग एकेक करून बांगड्या काढल्या.

"वयनी, बांगड्या काढाया कोन सांगतं तुला?" नामदेव म्हणाला.

"कोन नाय. मीच धरून ठेवला व्हता त्याला. जाव दे आता."

बांगड्या पाण्यात सोडल्यावर ती रडली. महादूसाठी ती त्या दिवसापर्यंत रडलीच नव्हती.