दादाचं वन बाय टू सूप

आजवर हे मी कुणाजवळ बोललो नाही. मित्रांजवळ नाही, मुलीजवळ नाही – आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं, ती आत्ता पलीकडे स्वयंपाकघरात आहे. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही काही आमच्या घरी येणार नाही. बघा, सुरुवातच भेकडपणाने केली!

आणि गोष्ट तरी केवढीशी? चोरी नाही, लफडं नाही. चमचाभर सुपाची गोष्ट. हसायचं तर हसून घ्या. मीही पुष्कळ वर्षं ती हसण्यावारीच नेली.

वडील लवकर गेले, मला वाढवलं ते दादाने. वाशीला एका भाड्याच्या खोलीत आम्ही दोघं भाऊ राहायचो. दादा तुर्भ्याला कारखान्यात. पगार झाला की शनिवारी मला चायनीज खायला न्यायचा. छोटंसं हॉटेल – लाल कंदील, चिकट मेनूकार्ड, टेबलावर मिरच्या घातलेलं व्हिनेगर. दादा ऐटीत सांगायचा, "एक चिकन सूप, वन बाय टू." वेटर एकाचं दोन वाट्यांत करून आणायचा, आणि दादा आपल्या वाटीतले चिकनचे तुकडे हळूच माझ्या वाटीत लोटायचा. मी नको म्हटलं की म्हणायचा, "गप खा रे. माझ्या दातात अडकतात." बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते त्याचे.

नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास दादा काविळीने गेला. बघता बघता गेला. पुढे ते हॉटेलही बंद झालं, तिथे चपलांचं दुकान आलं. माझं लग्न झालं ते त्यानंतर. म्हणजे सुषमाने, माझ्या बायकोने, ना दादाला कधी पाहिलं, ना ते सूप कधी चाखलं. एवढं लक्षात असू द्या.

आम्ही नेरुळला राहायला आलो. दादाबद्दल मी बोलत नसे. ती विचारायची, "कसे होते हो दादा?" मी म्हणायचो, "चांगला होता." संपलं. मग एकदा तिने पाकिटातलं सूप करून दिलं आणि मी चिडून म्हणालो, "ह्याला सूप म्हणतात? दादा मला पाजायचा ते सूप!" – आणि बोलत सुटलो. ती ऐकत राहिली. तिला किल्ली सापडली होती, हे मला फार उशिरा कळलं.

त्याच सुमाराला तिच्या भावाने मस्कतहून विजेवर चालणारा स्लो कुकर आणला. त्या भांड्याचं काय करायचं ते कुणालाच कळेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, "शिट्टीच नाही? मग शिजलं हे कळणार कसं गं?" पण मी सुषमाला सांगून बसलो होतो – त्या हॉटेलच्या मागच्या दाराशी सकाळपासून मोठ्या पातेल्यात हाडं मंद रटरटत असायची. ती म्हणाली, "मग ह्यात होईल की!"

झालं. रविवार आला की तिचा कुकर सकाळीच चालू. चिकनची हाडं, आलं, कोथिंबिरीचे देठ. संध्याकाळपर्यंत घरभर वास. मधेच लाइट गेली की हिचा जीव वरखाली. मग चमचा माझ्यासमोर धरायची. "सांगा."

"जवळ आलंय. पण मागे काहीतरी होतं."

"मागे म्हणजे?"

आता मागे म्हणजे काय, कसं सांगणार? तिने ते सूप चाखलेलं नव्हतं. ती सगळं माझ्या जिभेवरून शोधत होती. म्हणून मी आठवून आठवून सांगायचो, आणि सुपाबरोबर दादा यायचा. तो न्हाणीत कसा बेसूर गायचा, इस्त्रीचे पैसे वाचवायला पँट गादीखाली कशी घालायचा, एवढा धिप्पाड माणूस कुत्र्याला कसा घाबरायचा. सुषमा हसून हसून बेजार व्हायची. खरं सांगू? आमच्या संसारातले सगळ्यात चांगले महिने तेच. असं मोकळं मी आधी कुणाशी बोललो नव्हतो. नंतरही नाही.

एका शनिवारी दिवाळे गावची कोळीण सुकी मासळी घेऊन दारात आली. "ताय, सोडे हायत, बघ तरी. पानी नाय लागलेलं." सुषमा मूळची गुहागरकडची. तिने ती सुकी, सोललेली कोलंबी तळहातावर घेतली, हुंगली, आणि तशीच माझ्याकडे वळली. "अहो, तुमचं ते मागचं – हे तर नसेल?"

"चायनीजमधे सोडे? काहीतरीच!"

तिने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सोडे घातलेच.

आता सांगतो. – थांबा, सांगतो.

संध्याकाळी तिने चमचा पुढे केला. मी प्यायलो. आणि – तेच. तंतोतंत तेच. ते टेबल, ते व्हिनेगर, चिकनचा तुकडा माझ्याकडे लोटणारा दादाचा चमचा. मी वर पाहिलं तर समोर सुषमा. पदराला हात पुसत होती. "आलं ना? आलं ना हो?"

मी म्हणालो, "नाही."

का? कितीदा विचारलंय स्वतःला. मला राग आला होता. हो, राग! ती चव जगात दोघांना ठाऊक होती, त्यातला एक गेला होता. आणि जिने दादाला पाहिलंही नाही, तिने ती आमच्या ओट्यावर आणून ठेवली. उद्या सोसायटीत वाटेल, भिशीला करेल. माझ्याकडे दादाचं तेवढंच उरलं होतं आणि ते मला कुणाला द्यायचं नव्हतं. तिलाही नाही.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हणालो, "राहू दे आता. तुला नाही जमायचं ते."

तिने विश्वास ठेवला. न ठेवून करते काय? माझ्या जिभेशिवाय तिच्याकडे दुसरं माप कुठे होतं? "बरं," म्हणाली. सगळं सूप डब्यात ओतून काकूंकडे देऊन आली. भिंतीपलीकडून त्यांच्या नातवंडांचा आवाज मला ऐकू येत होता – अजून आहे का, अजून आहे का? मी पेपर तोंडापुढे धरून बसलो.

कुकर माळ्यावर गेला. दादाचा विषयही गेला. सुषमाने पुन्हा कधी काढला नाही. उगाच आपण ह्यांच्या दुखऱ्या जागेला हात लावला, असं तिला वाटलं असणार. मला तर तिचे ते प्रश्न हवे होते हो! "मागे म्हणजे?" असं तिने पुन्हा एकदा विचारावं म्हणून मी तरसलोय. पण कुठल्या तोंडाने सांगणार?

ती बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा मी माळ्यावरून कुकर काढला. सोडे आणले, हाडं आणली. नुसतं वशाट पाणी झालं. ती सोडे भाजून घालायची की तसेच, आधी की शेवटी, मी कुठे पाहिलं होतं? सगळं मोरीत ओतलं आणि भांडं घासून होतं तिथे ठेवून दिलं.

ह्याला आता इतकी वर्षं झाली. मुलगी सासरी गेली. परवा तिच्या सासूबाई आमच्याकडे जेवायला होत्या. कालवणाचं फार कौतुक करत होत्या. सुषमा हसली. "सगळं येतं हो मला. एक ह्यांच्या दादांचं सूप तेवढं नाही जमलं. फार खटपट केली." मग वाटी सारखी करत म्हणाली, "दादांना पाहिलं नव्हतं ना मी. वाटायचं, सूप तरी जमावं. तेवढीच ओळख झाली असती."

आणि माझ्याकडे वळून, "नाही ना हो जमलं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "नाही."