नोल्फाचा गुडघ्यांचा नवस

नोल्फाचा डावा गुडघा झिजला होता. घर वाल्पाराइसो शहरातल्या टेकडीवर. पाव आणायचा म्हटला तरी सगळा जिना उतरायचा आणि चढायचा. एकदा अर्ध्या जिन्यातच ती बसून राहिली आणि तिथंच देवमातेला नवस बोलली, "आई, गुडघा बरा कर. तुझ्या सणाला चर्चच्या फाटकापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर चालत येईन."

आमच्याकडं नवस असेच बोलतात. आपण कशासाठी काय कबूल केलं, हे नोल्फाच्या ध्यानात आलं घरी पोचल्यावर. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं.

पुढं दवाखान्यात गुडघेदुखीवाल्यांचा वर्ग निघाला. शिकवणारी पाब्ला, नोल्फाच्या नातीच्या वयाची. हात न टेकता खुर्चीवरून उठा, बसा, पायरी चढा, उतरा. आणि तोंड चालूच, "गुडघा म्हणजे कपाटातली काचेची बशी नाही, आजी. चालवाल तर चालेल. थोडं दुखलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशीही ठणकला, तर पुढच्या वेळी जरा कमी करा."

"म्हणजे मिठासारखं," नोल्फा म्हणाली.

सण तोंडावर आला तोवर नोल्फा पाव घेऊन न थांबता वर यायला लागली. चेहरा मात्र उतरलेला.

"कुणी गेलं का गं?" शेजारच्या ओरिएत्तानं विचारलं.

"गुडघा बरा झालाय."

"अरे देवा!" ओरिएत्ताला नवस ठाऊक होता. "पाद्रीबाबांना सांग. मेणबत्त्यांवर भागवतील."

"त्यांचं काय जातंय सांगायला? नवस त्यांचा नाही, गुडघाही नाही."

शेवटी तिनं पाब्लाला सांगितलं. पोरगी हसली नाही, रागावलीही नाही. "गुडघे टेकायला मनाई नाही, आजी. सवय मोडलीय, एवढंच." आधी जाड गादी, मग घोंगडी, मग नुसती सतरंजी. नोल्फा रांगायला लागली तशा वर्गातल्या आणखी दोघी खाली उतरल्या. त्यांचेही नवस थकलेले निघाले.

सणाच्या दिवशी नोल्फानं गुडघ्यांना चिंध्या गुंडाळल्या. ओरिएत्ता वाकून पुढं पुठ्ठे अंथरत होती. "लवकर सरक गं बाई, तुझ्या नवसापायी माझी कंबर जायची."

अर्ध्या वाटेवर डाव्या गुडघ्यात जोराची कळ आली. थांबून पाहिलं, ओसरेना. नोल्फा एक पाऊल रोवून, कुणाचा हात न धरता उठली. वेदीपर्यंत चालत गेली.

"अर्धं झालंय, आई," ती देवमातेला म्हणाली. "उरलेलं आजच ओढलं तर गुडघा पुन्हा कामातून जाईल, आणि तुझीच मेहनत वाया जाईल. बाकीचं पुढच्या सणाला. गुडघ्याचं मी बघते, तोवर मला जिवंत ठेवायचं तू बघ."

ओरिएत्ता मागून कुजबुजली, "आई काय म्हणाली गं?"

"नको म्हणाली नाही," नोल्फा म्हणाली आणि चिंध्या सोडायला बसली.