गोळ्यांचं पाकीट दाखवा

दिघीच्या जेटीवर मधुमेहावरचा गुडमारचा पाला विकणारी ती बाई गिऱ्हाइकाला आधी एक पान चावायला लावायची आणि मग चिमूटभर साखर हातावर ठेवायची. मीही पान चावलं. साखर वाळूसारखी लागली, गोडाचं नाव नाही. माझं वाकडं झालेलं तोंड ती अशा तोऱ्यात बघत राहिली, की जणू गुडमारची वेल तिनेच घडवली असावी.

“म्हणजे शुगरच्या गोळ्या बंद!” मी म्हणालो. खरं तर आठवड्यापूर्वीच मी त्या सोडल्या होत्या.

तिने माझ्यासाठी काढलेला पाल्याचा वाटा उचलून परत टोपलीत टाकला. “गोळ्यांचं पाकीट दाखवल्याबिगर मी पाला देत न्हाय. कालेजवाल्यांनी अर्क काढाया नेलाय. त्यांचं तपासून व्हायचं हाय अजून.”

“मावशी, तुमचाच पाल्यावर विश्वास नाही?”

ती ताठ झाली. “हाय, म्हनून तर! गोळी सोडून तुमी पडलात, तर नाव माज्या पाल्याचं जाईल.”

पुढच्या खेपेला मी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. त्यातल्या रिकाम्या घरांवरून तिने एकेक करत बोट फिरवलं. मग माझ्या वाट्यावर वरची एक मूठ घातली.