चौकटीच्या वरचं वाक्य

आमच्या घोडबंदर रोडच्या ऑफिसात सर प्रोग्राम लिहितात तो पत्र टाइप केल्यासारखा. ठळक मथळा, खाली साध्या मराठीत काय करायचं आणि का, मग चौकटीत कोड. बटण दाबलं की चौकटींतला कोड गोळा होऊन प्रोग्राम बनतो. लिहिताना त्यांचे ओठ हलतात. मध्ये कुणी बोललं तर नुसतं एक बोट वर करतात.

त्या दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. पेशंटचा ऑक्सिजन घसरूनही आमच्या प्रोग्रामवर चालणारा अलार्म उशिरा वाजलेला. नर्सचं लक्ष होतं म्हणून पेशंट वाचला. आम्ही सगळे त्यांच्या खुर्चीमागे जमलो. कोडकडे न बघता त्यांनी वरचा मजकूर मोठ्याने वाचला. "दहा सेकंदांत अलार्म वाजावा, कारण त्यापुढे जिवाला धोका आहे." मग खालच्या चौकटीवर बोट ठेवलं. तिथे साठ होते.

ते साठ मी केलेले. अलार्म सारखा वाजतो अशी तक्रार होती, म्हणून घाईत फक्त आकडा बदललेला.

त्यांनी साठचे दहा केले, प्रोग्राम हॉस्पिटलला पाठवला आणि माझ्याकडे वळले. "बस इथे. साठ का केलेस, ते वर लिही."

"सर, आता दहा झालेत ना?"

"कारण राहिलंय."

मी चार वेळा लिहून खोडलं. शेवटी एकच वाक्य उरलं : 'कटकट नको म्हणून साठ केले होते.' त्यांनी ते वाचून फाईल सेव्ह केली.

वाक्याखाली नाव नाही. नवीन माणूस आला की सर त्याला आधी तेवढंच वाचायला लावतात. मी तेव्हा पाणी प्यायला उठतो.