हिरव्या फितीचे खांबेटे

श्यामसुंदर खांबेटे यांना गाता येत नाही, असं त्यांच्या तोंडावर सांगणारा आजवर एकच माणूस निघाला, आणि तोही पन्नास वर्षांपूर्वी. शाळेच्या गॅदरिंगला समूहगीत बसवताना गाण्याच्या मास्तरांनी त्यांना मागच्या ओळीत नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "खांबेटे, तू नुसते ओठ हलव." खांबेट्यांनी ओठ हलवले. पुढे एका विमा कंपनीत लोकांचे दावे तपासून नामंजूर करण्यात त्यांनी उभा जन्म काढला, लग्न झालं, कर्वेनगरात फ्लॅट झाला, पण ते वाक्य काही घशाखाली उतरलं नाही. मास्तरांचा आपल्यावर आकस होता, असा निष्कर्ष त्यांनी काढून ठेवला होता. पुराव्याशिवाय मंजूर केलेला हा त्यांचा एकमेव दावा.

घरी ते आंघोळ करताना गात. नेमका त्याच वेळी त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई मिक्सर लावत. त्यामुळे खांबेट्यांच्या घरात चटण्या फार होत. आमच्या हिला चटण्यांची भारी हौस, असं खांबेटे चारचौघांत कौतुकानं सांगत.

निवृत्तीनंतर त्यांना रविवारचा गानमेळा सापडला. सोसायटीच्या हॉलमध्ये कुणीही यावं, खुर्चीत बसावं आणि सगळ्यांबरोबर जुनी गाणी म्हणावीत. परीक्षा नाही, निवड नाही, फी नाही. यातली शेवटची गोष्ट लोकांना विशेष भावली असावी, कारण हॉल भरायला वेळ लागला नाही. तिथे खांबेटे आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत तोंड उघडून गायले. इतक्या गळ्यांमध्ये आपलाही आवाज मिसळला की त्यांच्या अंगावर काटा येई, आणि सोमवारी सकाळपासून ते पुढच्या रविवारची वाट पाहायला लागत. त्यांची कितीही चेष्टा केली तरी हे सुख खरं होतं, हे मान्य करायला हवं.

त्या सुखात एकच खडा होता. मेळ्यात कुणीतरी भयंकर बेसूर गात होतं. आवाज ते बसत त्या तिसऱ्या रांगेतूनच कुठूनतरी येई आणि नेमका अंतऱ्यात वर जाताना घसरे. खांबेट्यांनी शेजारच्या ज्ञानदेव अण्णांना विचारून पाहिलं. अण्णा इथल्याच जुन्या गावचे. त्यांच्या ज्वारीच्या रानात आता तीन टॉवर उभे होते, डोक्यावरची पांढरी टोपी मात्र तशीच होती. "आसंल कुनीतरी," अण्णा म्हणाले आणि छताकडे पाहत बसले. या उत्तरानं खांबेट्यांच्या मनात संशय आणखी पक्का झाला.

अशात एका रविवारी अख्तरबानू दारातल्या चपलांच्या ढिगाला अडखळून पडल्या. त्या शिवणक्लास चालवत, आणि मुरगळलं नेमकं उजवं मनगट. मेळा चालवणारी ऋतुजा आयटीतली मुलगी. तिनं दुसऱ्याच आठवड्यात नियम लिहून भिंतीवर लावले. दारात चपला काढू नयेत. खुर्च्यांमधली वाट मोकळी ठेवावी. हॉलमध्ये गरम चहा आणू नये. रुमाल टाकून जागा धरू नये. विचारल्याशिवाय कुणाला हात लावू नये. आणि कुणाच्याही आवाजाबद्दल कुणीही शेरा मारू नये. दोनदा समज दिली जाईल, तिसऱ्यांदा महिनाभर सुट्टी. "रूल्स फक्त सेफ्टीसाठी आहेत हं," ती म्हणाली. "एक व्हॉलंटिअर हवाय, दंडाला ही हिरवी फीत बांधायची." हॉलमध्ये सगळ्यांना एकाच वेळी आपापल्या नखांचं निरीक्षण करावंसं वाटलं. खांबेट्यांचा हात तेवढा वर होता.

पुण्यात माणसाच्या हातात नियम द्यावा आणि मग लांब उभं राहावं. खांबेट्यांनी त्या फितीचं सोनं केलं. बेसूर माणसाला बेसूर म्हणायला नियमाची बंदी होती, म्हणून त्यांनी संशयितांना चपलांवरून धरायला सुरुवात केली. तिसऱ्या रांगेतला जो कुणी वरच्या सुरात तोंड वासे, त्याची पादत्राणं कुठे आहेत हे ते जातीनं बघून येत. थर्मास आणणाऱ्या एका जोडप्याला महिन्याची सुट्टी मिळाली. खुद्द अख्तरबानूंना, शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली म्हणून, समज मिळाली. "माझ्यामुळेच नियम झाले आणि मलाच का हो?" त्या म्हणाल्या. "नियमाला नातं नसतं," खांबेटे म्हणाले. ज्ञानदेव अण्णांना तर दोनदा समज देऊन झाली होती. ऋतुजा हळूच म्हणाली, "काका, थोडं फ्लेक्झिबल राहूया ना." त्यावर खांबेट्यांनी तिला तिचाच कागद वाचून दाखवला.

थर्मासवाले गेले तरी तो आवाज काही जाईना.

मग ऋतुजानं सराव ठेवला. आग लागली तर सगळ्यांनी हॉल कसा रिकामा करायचा, याचा. शिट्टी वाजली की रांगेनं बाहेर पडायचं आणि अंगणातल्या कडुनिंबाखाली उभं राहायचं. हे ऐकताच खांबेट्यांना एक कल्पना सुचली आणि आनंदानं त्यांचे कान तापले. "सगळ्यांनी गात गात बाहेर पडावं," ते म्हणाले. "गाणं चालू असलं की माणूस घाबरत नाही. अंगणात पोचलं की थांबावं. मी सर्वांत शेवटी, सूर धरून." ऋतुजाला ही सूचना फारच आवडली. खांबेट्यांचा हिशेब वेगळा होता. एकेक रांग कमी होत जाणार, आणि शेवटी मुद्देमालासह चोर हातात येणार.

शिट्टी वाजली. पहिली रांग गात गात उठली आणि दाराबाहेर गेली. आवाजांची दाटी कमी झाली तसा तो घसरणारा सूर स्पष्ट झाला. खांबेट्यांनी गाणं न सोडता मान हलवली. दुसरी रांग गेली, तसा तो आणखी स्पष्ट झाला. मागच्या रांगा गेल्या. तिसरी रांग त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. एकेकाला त्यांनी दाराकडे पाठवलं, अख्तरबानू गेल्या, आणि उरले ज्ञानदेव अण्णा. खांबेट्यांनी अण्णांकडे असं पाहिलं की अण्णांनी टोपी सारखी केली आणि तेही निघून गेले.

आवाज चालूच होता.

खांबेट्यांनी गाता गाताच मंचावरचा पडदा बाजूला करून पाहिलं. तिथे झाडू आणि मोडका पंखा होता. मग ते गायचे थांबले. आवाजही थांबला. खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी अंतऱ्याची ओळ पुन्हा एकदा म्हटली, आणि जिथे तो नेहमी घसरत असे तिथेच तो घसरला. दावा सिद्ध झाला होता.

हॉलची दोन्ही दारं सताड उघडी होती. ती त्यांनीच मोकळी करून ठेवली होती. बाहेर कडुनिंबाखाली सगळा मेळा चिडीचूप उभा होता आणि त्यानं ती ओळ दोन्ही वेळा ऐकली होती. खांबेटे बाहेर आले. ऋतुजा फोनमध्ये बघत होती. अख्तरबानू झाडाचा शेंडा न्याहाळत होत्या. कुणीही कुणाच्या आवाजाबद्दल शेरा मारला नाही. नियम लागू झाल्यापासून सगळ्यांनी एखादा नियम एकमुखानं पाळल्याची ही पहिलीच वेळ होती.

घरी आल्यावर खांबेटे बराच वेळ पायातले मोजे न काढता बसून राहिले. मग म्हणाले, "तुला ठाऊक होतं?"

"चटणी कुठली वाढू? दाण्याची की कारळ्याची?" सुहासिनीबाईंनी विचारलं. थोड्या वेळानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही गाताना इतके खूश दिसता. मी कशाला बोलू?"

त्या आठवड्यात खांबेट्यांच्या घरी मिक्सर लागला नाही. आठवडाभर ते मुकाट्यानं आंघोळ करत होते.

रविवारी जायचंच नाही असं ठरवून ते गेले. हिरवी फीत दंडाला रुतते असं सांगून त्यांनी ती ऋतुजाला परत केली आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. गाणं सुरू झालं आणि खांबेटे नुसते ओठ हलवू लागले. शाळेत शिकलेलं सहसा विसरत नाही. मेळा सुरेख गात होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना तरी कुठे काही घसरताना ऐकू येत नव्हतं, आणि डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून खांबेटे समोरच्या पंख्याकडे बघत होते.

"सायेब, हात लावू का?" शेजारून ज्ञानदेव अण्णांनी विचारलं.

खांबेट्यांनी मान डोलावली. अण्णांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "गाईना का झालाय?"

"घसा बरा नाही."

"घशाला काय बी झालं न्हाई," अण्णा म्हणाले. "आवो, तुमच्या शेजारी बसलं की माझं चुकल्यालं कुनाला कळत न्हाई. दोनदा समज खाऊन बी हितंच बसतोय, ते काय हवा खायाला? आज तुमी गप, तर ती म्होरली बाई सारखी वळून माझ्याकडं बघाय लागली."

खांबेटे पंख्यावरची नजर काढून त्यांच्याकडे वळले.

"आन मी एकला न्हाई," अण्णा आवाज खाली आणून म्हणाले. "ही समदी रांग त्याच्यासाठीच हाय."

खांबेट्यांनी रांगेवरून नजर फिरवली. पलीकडून अख्तरबानूंनी पर्स मांडीवर घट्ट धरली आणि कबुली दिल्यासारखी मान हलवली.

अंतरा आला. खांबेट्यांनी तोंड उघडलं आणि सूर नेहमीच्याच जागी घसरला. पुढच्या बाईंनी झटकन मागे वळून पाहिलं. ज्ञानदेव अण्णांनी त्यांना भिंतीवरच्या नियमांकडे बोट दाखवलं, आणि मग तेही मोकळ्या गळ्यानं गायला लागले.