हिरव्या पाटीची गाडी

दयानंद सरांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि अख्ख्या लातूरचं डोकं खाल्लं. बारसं असो की तेरावं, सर हिरवी नंबरपाटी दाखवणार आणि सांगणार, "रोड टॅक्स सरकारनं माफ केला बरं का!" स्वतः कॉलेजात कायम नोकरीला, बायको वर्षाराणी बँकेत. पण फुकटाचं कौतुक माणसाला सुटत नाही, त्याला काय करणार?

नवी गाडी आधी माहूरला रेणुकामातेपुढं न्यायची, ही त्यांच्या घरची रीत. पुढच्या सीटचा मान केवळामावशीचा. सरांची आई लवकर गेली; अहमदपूरला मावशीच्या घरी राहूनच ते शिकले. आता मावशीची नात ऋतुजा क्लाससाठी लातूरला यायची होती, आणि तिनं सरांकडं राहावं असं मावशीच्या मनात होतं. "हो म्हणून बसू नका," असं घरी थांबलेल्या वर्षाराणीनं निघताना बजावलं होतं. सरांनाही ते नकोच होतं. उगाच सगळं बायकोवर कशाला ढकला!

नांदेडला गाडी चार्जिंगला लावली. चहा पिताना सरांनी सवयीनं टॅक्समाफीची टेप सुरू केली. मावशीचा चेहरा उतरला.

"दया, आमच्याकडं पीक बुडालं तरच सरकार कर्ज माफ करतंय. तुझं काय बुडालं रे? पेट्रोल परवडंना म्हणून ही घेतलीस व्हय?"

सर हसून समजावणार होते. तेवढ्यात ऋतुजा आठवली. कपाकडं बघत ते म्हणाले, "जरा ओढाताण हाय, मावशी."

"मग ऋतुजाचं ऱ्हाऊ दे. होस्टेल बघू. तुझ्यावर आनि भार नको."

काम फत्ते! सरांना मोकळं वाटलं. तेही माहूरपर्यंतच.

गडाच्या पायथ्याशी मावशीनं चपला काढल्या. पायऱ्या उन्हानं लई तापलेल्या.

"हे कशाला गं?"

"तुझ्यासाठी अनवाणी चढायचा नवस बोललेय आईला. तू गप चल."

देवीपुढं तिनं पदर पसरला. "आई, माझ्या दयाला यातून वर काढ. त्याच्या घरात काय कमी पडू दिऊ नको." ती मोठ्यानं बोलत होती, रांगेतली माणसं सरांकडं कळवळून बघत होती. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. याच बाईनं पोटच्या पोरांच्या आधी त्यांच्या ताटात वाढलं होतं. आपण माणूस आहोत का कोण, असं त्यांना वाटलं.

उतरताना मात्र राहवलं नाही. "मावशी, माझं काय बुडालं न्हाई. अशी गाडी घेणाऱ्या सगळ्यांनाच माफी हाय. ऋतुजाला पाठव माझ्याकडं."

मावशी थांबली. पाय भाजत होते, तरी थांबली.

"मग नांदेडात ओढाताण हाय असं का म्हनलास?"

खाली आल्यावर सरांनी घाईनं पुढचं दार उघडून धरलं. मावशीनं आपल्या हातानं मागचं दार उघडलं आणि मागं बसली.